फक्कीच्या घराची वास्तुशांती

पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस अख्ख्या मानवतमध्ये एकच आहे, आणि तो मी. चित्रकलेचा मास्तर आहे. ही बढाई माझी मलाच मारावी लागते, कारण दुसरं कुणी मारत नाही. तर असा माणूस स्वतःचं घर स्वतः आखेल, की बिल्डरने ओळीत उभी केलेली एकासारखी एक सहा घरं बघून त्यातल्या एकात शिरेल? सांगा तुम्हीच.

पाथरी रस्त्याला आमचा प्लॉट आहे. नऊ वर्षांपूर्वी घेतला आणि तेव्हापासून मी त्यावर घर बांधतो आहे. कागदावर. एकूण बासष्ट आराखडे झाले. पहिल्यात हॉलमध्ये झोपाळा होता. विसाव्यात जिना घालायचा राहिला, त्यामुळे वरच्या मजल्यावरची माणसं तिथेच अडकून पडली असती. एकतिसाव्यात स्वयंपाकघरात जायला बाथरूममधून वाट होती. ही चूक राजेश्रीने धरली. राजेश्री माझी बायको. माझ्या चुका धरायला तिला चष्मा लागत नाही.

एवढी सगळी घरं काढून आम्ही राहत होतो भाड्याच्या दोन खोल्यांत.

पण बासष्टच्या बासष्ट आराखड्यांत एक गोष्ट कायम होती, आईची खोली. आई, म्हणजे कस्तुराबाई, वय चौऱ्याहत्तर, येलदरीजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची. वडील गेल्यावर मी तिला दर सुट्टीत सांगायचो, "माय, घर झालं की तुला नेतो." ती म्हणायची, "होऊ दे." मग दिवाळीनंतर ती अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि दीड महिना आम्हाला न सांगता डाव्या हाताने भाकरी थापत बसली. आम्हाला कळलं ते तिच्या शेजारच्या सरजाबाईकडून, तेही प्लास्टर निघाल्यावर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. राजेश्रीलाही गेलं नाही, पण तिने जेवणाऐवजी एक कागद पुढे केला.

"नव्या कॉलनीत रो हाउस तयार झालेत. कोपऱ्यातलं एक राहिलंय. घेतलं तर पाडव्याला आईंना घेऊन राहायला जाता येतंय."

"रेडीमेड घरात माय यायची न्हाई. तिला ओटा लागतोय, तुळस लागती, देवघर उगवतीकडं लागतंय. माझ्या आराखड्यात समदं हाय."

"तुमचं घर उभं राहीस्तोवर आईंचं वय काय होईल?"

मी मनातल्या मनात हिशेब केला आणि कागद हातात घेतला.

शेवटी असं ठरलं की आईला एका रविवारी बोलवायचं, दोन्ही घरं दाखवायची आणि ती म्हणेल ते मान्य करायचं. बिल्डरचा मॅनेजर पंडित नावाचा सज्जन माणूस होता. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत कोपऱ्यातलं घर कुणाला देणार नाही, असं त्याने कबूल केलं.

आता अडचण एवढीच होती की राजेश्रीचं घर हाताला लागत होतं आणि माझं कागदावर होतं. आईला कागद कळत नाही. एकदा तिच्यापुढे चाळिसावा आराखडा ठेवला तर तिने तो उलटा धरून सांगितलं होतं, "रांगोळी बेस हाय." तेव्हा मी असा बेत केला की ऐकणाऱ्याने गार व्हावं. घर जेवढ्यास तेवढं प्लॉटवरच आखायचं! कबड्डीचं मैदान ज्या पांढऱ्या फक्कीने आखतात, त्या फक्कीची दोन पोती आणली, सुतळी आणि खुंट्या आणल्या, आणि शनिवारी उजाडल्यापासून कामाला लागलो.

दिवस मावळला तेव्हा प्लॉटवर माझं घर होतं. पांढऱ्याशुभ्र भिंती, दारापुरत्या मोकळ्या जागा, ओटा, देवघर, पायरीन् पायरी दाखवलेला जिना. नुसत्या रेघा बघून आईचं मन भरणार नाही म्हणून हॉलमध्ये चार खुर्च्या मांडल्या. तिच्या खोलीत बाज टाकली आणि उन्हाचा त्रास नको म्हणून वरून मांडववाल्याकडचं कापड ताणलं. तुळशीची कुंडी ठेवली. मोठ्या दाराच्या जागी दोन बांबू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, आणि चांगल्या कामाची सुरुवात म्हणून उंबऱ्यावर नारळ फोडला.

मांडव, तोरण, नारळ. एवढं बघितल्यावर आपल्याकडचं शेंबडं पोरही काय समजेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी रेघा बघत होतो.

रविवारी सकाळच्या एसटीने आई आली. तिला थेट प्लॉटवर नेलं. राजेश्री मागे हाताची घडी घालून उभी राहिली, म्हणजे परीक्षक उभे राहतात तशी.

आईने तोरणाकडे बघितलं, चपला बाहेर काढल्या आणि वाकून उंबऱ्याला हात लावून आत आली. मी तिला घरभर फिरवलं. तिने एकही भिंत ओलांडली नाही. दारातूनच गेली, दारातूनच आली.

"ह्यो हॉल. ह्ये सैपाकघर. ह्ये देवघर. आन् ही तुझी खोली, माय."

आई बाजेवर बसली. हाताने बाज दाबून बघितली. तिचा चेहरा मला इतका आवडला की मी राजेश्रीकडे वळून जिंकल्यासारखं बघितलं.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या गल्लीतला एक गृहस्थ मोटारसायकलवरून आला आणि रोजच्या सवयीने प्लॉटमधून आडवा निघून गेला.

"ह्यो कोन?" आईने विचारलं.

"शेजारी हाय. वाट हाय त्याची."

"देवघरातून?"

मी पुढे काही बोलणार, तोच रस्त्याला दोन जीप येऊन थांबल्या. पहिल्या जीपमधून लिंबाजीमामा उतरले. लिंबाजीमामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, पांढरा फेटा, आणि आवाज असा की येलदरीला बोलले तर जिंतूरला ऐकू यावं. त्यांच्यामागून मामी, मामींच्या मागून त्यांचे जावई सुग्रीवराव, मग सरजाबाई, मग अर्धी गल्ली. मी मोजली, बावीस माणसं होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारे टॉवेल, टोप्या, खण, साड्या.

आहेर होता तो. माझ्या वास्तुशांतीचा आहेर!

"भाच्या," मामा लांबूनच गरजले, "निवतं न्हाई, फोन न्हाई. आमी काय मेलो का? बहिनीच्या लेकाची वास्तू हाय आन् भावाला दुसऱ्याकडून कळायलंय. माहेरचा आहेर न्हाई तर वास्तू व्हती का?"

मी आईकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "मी कुनाला बोलिवलं न्हाई. लेकाचं घर बघायला चालले, एवढंच म्हनले." मग आणखी हळू, "नऊ वर्सं इचारायलेत, परमेसराचं घर कुठवर आलं. मी म्हनायचे, होत आलंय." परमेसर म्हणजे मी.

मी सुट्टीत जाऊन आईला आराखडे दाखवायचो, आणि ती माझी लाज राखायला गावात घर वर चढवत होती. माझ्या हिशेबाने ते कागदावर होतं, गावाच्या हिशेबाने स्लॅब पडून रंग लागला होता. आणि आता तेच गाव तोरणापाशी उभं राहून आत बघत होतं. आत आम्ही तिघं होतो आणि आमच्या मागे थेट पाथरीपर्यंत मोकळं आभाळ.

शेवटी सरजाबाईने विचारलं, "कस्तुराबाई, घर कुठंय?"

त्या क्षणी जमीन फाटली असती तर मी जिन्याने खाली उतरलो असतो. पण आई बाजेवरून उठली, पदर सारखा केला, आपल्या खोलीच्या दारातून हॉलमध्ये आली आणि शांतपणे म्हणाली, "ह्ये काय घर. या की. चपला भाईर काढा."

बावीस माणसांनी चपला काढल्या.

मराठवाड्याच्या माणसाला तुम्ही काहीही म्हणा, यजमानाची लाज तो झाकतो. एकामागून एक सगळे तोरणाखालून वाकून आत आले. मामांनी तर फेटा दाराला लागेल म्हणून मान खाली घातली. मामी घाईत एका भिंतीवरून पलीकडे गेल्या तेव्हा आईने त्यांना परत फिरवलं. "वैनी, दार तिकडं हाय." मामी परत फिरल्या, दारातून गेल्या, आणि दारातून जाताना पदर सावरला.

"भिंती?" मामांनी दबक्या आवाजात विचारलं. त्यांचा दबका आवाज मोटारसायकलवाल्याच्या गल्लीपर्यंत गेला.

"यायल्यात," आई म्हणाली.

मी राजेश्रीकडे बघायचं टाळत होतो. आता ती म्हणणार, बघा, मी सांगत होते. पण राजेश्री आईकडे बघत होती. मग तिने पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बसा सगळेजण. जेवल्याशिवाय कुनी जायचं न्हाई." आणि मला बाजूला घेऊन, "तुम्ही माणसं सांभाळा. मी तानुबाईंकडं जाते." तानुबाई आमच्या घरमालकीण. या बायकोने माझ्या घराला नऊ वर्षं नावं ठेवली होती, आणि आज ती त्याच घराची मालकीण होऊन बावीस माणसांच्या जेवणाला निघाली होती. माझं तिच्यावर प्रेम आहे, हे मी सहसा बोलत नाही. इथे लिहून टाकतो.

आता पुढच्या चार तासांत काय झालं, तर माझं घर लोकांनी वापरलं. कुठल्याही घर आखणाऱ्यावर ही वेळ येऊ नये.

बायका स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिथेच अडकल्या, कारण दार एकच ठेवलं होतं आणि तेही जेमतेम अंग जाईल एवढं. आतली बाहेर येईना, बाहेरची आत जाईना. भिंत ओलांडायची सोय नव्हती, आई दारावर लक्ष ठेवून होती. सरजाबाईने आईच्या खोलीचं दार उघडल्याचं करून दाखवलं, तर ते देवघराच्या दाराला थडकलं. सुग्रीवराव मोठ्या हौसेने जिना चढले, म्हणजे रेघेरेघेने पुढे गेले, आणि शेवटच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मास्तर, हितून पुढं काय?"

पुढे टाकी होती. बासष्टाव्या आराखड्यातही जिना टाकीवर निघत होता, हे मला आत्ता कळत होतं.

लिंबाजीमामा खुर्चीत बसून हॉलची चौकशी करत होते. "ह्ये चौकोनी काय हाय?"

"बाथरूम."

"पावने बसल्यावर समद्यांच्या देखत टमरेल घेऊन जायचं?"

हॉलमधल्या सगळ्या पुरुषांनी त्या चौकोनाकडे बघितलं. मीही बघितलं. नऊ वर्षांत एकदाही मी त्या घरात पाहुणे बसवून बघितले नव्हते.

दोन वाजता राजेश्री आणि तानुबाई रिक्षातून पातेली घेऊन आल्या. वरण, भात, वांग्याची भाजी आणि वास्तूचा म्हणून शिरासुद्धा. एवढ्या वेळात शिरा कसा केला, हे मी विचारलं तर राजेश्री म्हणाली, "गल्लीतल्या पाच शेगड्यांवर." पंगत हॉलमध्ये बसली आणि हॉलमध्ये मावेना, म्हणून ती वाकडी होऊन आईच्या खोलीत गेली. कुणी तक्रार केली नाही. सगळे रेघ न पुसता मांडी घालत होते.

जेवणं झाल्यावर मामांनी आम्हा नवराबायकोला देवघरात पाटावर बसवलं. माझ्या डोक्यावर टोपी आली, खांद्यावर टॉवेल आला. मग दुसरी टोपी पहिल्या टोपीवर, तिसरी दुसऱ्यावर. त्याच वेळी मघाचा मोटारसायकलवाला परत आला आणि देवघराच्या रेघेपाशी थांबला.

"जाऊ का?" त्याने विचारलं.

"थांबा," मामा म्हणाले, "आहेर चालू हाय."

त्याने गाडी स्टँडला लावली, चपला काढल्या, आणि दारातून आत येऊन शिरा खाल्ला.

मग मामांनी आईपुढे साडी ठेवली. हिरवी, काठाची. म्हणाले, "आक्का, लेकाच्या घरात माहेरची साडी नेस." आईने ती मांडीवर घेतली, आणि मला तिच्याकडे बघवेना. खोट्या घरात खरी साडी आली होती.

सव्वापाचला पंडित मॅनेजर स्कूटरवरून आला. राजेश्रीने सकाळपासून त्याचा फोन उचलला नव्हता. त्याने मांडव बघितला, तोरण बघितलं, माझ्या डोक्यावरच्या सात टोप्या बघितल्या.

"सर, तुमची तर वास्तुशांती झाली. मग आमचं कोपऱ्यातलं घर?"

मी त्याला मागच्या अंगणात नेऊन कुजबुजत सगळं सांगितलं. माझ्या घरात भिंती नसल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. पण बाकीच्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं, सुग्रीवरावांनी मात्र ऐकलं. त्यांचा कापसाचा व्यापार, आठवड्यातले चार दिवस मानवतला काढायचे, बायको वर्षभर घरासाठी मागे लागलेली.

"कोपऱ्यातलं हाय म्हणता? नुसतं बघून येतो. धा मिनिटं."

दहा मिनिटांचे चाळीस झाले. सुग्रीवराव आले ते पेढे घेऊन. घर पक्कं केलं होतं त्यांनी. पहिला पेढा त्यांनी मला दिला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या वास्तूचा पायगुण हाय."

दिवस कलला तसं गाव जीपमध्ये चढायला लागलं. जाताना लिंबाजीमामांनी मला जवळ घेतलं आणि खऱ्या दबक्या आवाजात सांगितलं, "भाच्या, घर लय हवादार हाय." सरजाबाई सगळ्यात शेवटी चढली. चढताना तिने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

जीप गेल्या. मी हॉलमधल्या खुर्चीत बसलो. राजेश्रीचं घर सुग्रीवरावांनी नेलं होतं आणि माझ्या घराचं काय झालं होतं ते तुम्ही वाचलंच आहे. आईला न्यायला आता आमच्याकडे एकही घर नव्हतं. ती पुन्हा त्या अंगणात एकटी जाणार, पुन्हा कधी पडली तर सरजाबाईने कळवलं तरच आम्हाला कळणार.

"माय," मी म्हणालो, "सकाळच्या गाडीला बसवतो तुला."

"कामून?"

"म्हंजे? गावाकडं जायला."

"मी राहायला आलेय," आई म्हणाली. "किल्ली सरजाबाईपाशी दिली. शेळीबी तिलाच दिली. म्हनून तर समदं गाव आलं. घर झाल्याबिगर कस्तुराबाई कशाला निघंल, असं वाटलं त्येंला."

मी खुर्चीतून उठलो.

"पर माय, घर कुठंय?" या वेळी हा प्रश्न मी विचारला.

"तुमी कुठं राहताव?"

"दोन खोल्यांत. भाड्याच्या."

"मंग तितंच. मला काय नाचायचंय का?" ती उठली, साडीची पिशवी काखेत मारली. "नऊ वर्सं म्हनायलास, घर झालं की नेतो, घर झालं की नेतो. चल म्हनला न्हाईस एकदाबी. हात मोडल्यावर वाटलं, आता ह्याच्या म्हनन्याची वाट बगत बसले तर मीच ऱ्हायची न्हाई."

बासष्ट वेळा मी तिची खोली काढली होती, खिडकी इकडे की तिकडे यावर रात्ररात्र विचार केला होता, आणि एवढंसं एक म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मी तोंड फिरवून खुंट्या उपटायला लागलो. राजेश्री म्हणाली, "चला आई," आणि दोघी निघाल्या. मी मागून खुर्च्या घेऊन गेलो.

त्यानंतर दोन खोल्यांत तिघं राहिलो, आणि घराची घाई एकदम कुणालाच राहिली नाही. पाडव्याला सुग्रीवरावांच्या वास्तुशांतीला गेलो. खरी वास्तुशांती, खऱ्या भिंती. आई तिथे जेवायच्या आधी सगळं घर फिरली. बोटांनी भिंती ठोकून बघितल्या. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं हे वाकून बघितलं. मग बाहेर येऊन राजेश्रीला म्हणाली, "सूनबाई, असलंच घ्यावं बग. बैल कुनी कागदावर काढून घेतंय का? दात बगून घ्यावं." योगायोगाने शेजारचं घर ज्याने ठरवलं होतं त्याची बदली होऊन ते मोकळं झालं होतं. दोघी पंडितशी बोलायला गेल्या. मी तेव्हा दुसऱ्या पंगतीत होतो. हात धुवून येईपर्यंत ठरलं होतं.

आता आम्ही तिथे राहतो. सहा घरांतलं पाचवं, एकासारखं एक. नव्या घरात माझं मत एकाच गोष्टीत विचारलं गेलं, नावाची पाटी दाराच्या कुठल्या बाजूला लावायची. मी आठवडाभर विचार केला, चार वेगवेगळी चित्रं काढली आणि उजवी बाजू सुचवली.

पाटी डावीकडे लागली आहे. नाव कस्तुराबाईंचं आहे. घर शोधायचं असेल तर तेच विचारा, माझं नाव सांगून कॉलनीत कुणाला कळत नाही.